परक्या विमानातील पॉइंट, आपले खाते : व्यापाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी काय पाहावे?

आमचा व्यापारी दुकानातील पैशापैशाचा हिशेब ठेवतो. गिऱ्हाइकाला दिलेली सूट, दलालाची दलाली, हमालाची हमाली, सारे काही वहीत उतरते. पण हाच व्यापारी वर्षातून चार-पाच वेळा विमानाने परदेशी जातो, तेव्हा त्या प्रवासावर विमान कंपनीकडून त्याला काय मिळायला हवे होते आणि काय मिळाले, याचा हिशेब मात्र कुठेच नसतो. खिशात चार कंपन्यांची चार कार्डे असतात. प्रत्येकावर थोडे-थोडे पॉइंट पडून असतात. मुदत संपली की ते जातात आणि गेल्याचे कळतही नाही.

भिवंडी-मालेगावचे कापडवाले, धारावीचे चामड्याचे कारागीर, मोहम्मद अली रोडवरील अत्तराचे व्यापारी आणि आखातात ये-जा असणारी कोकणातील कुटुंबे, या सर्वांचा हा विषय आहे. आजकाल एकाच कंपनीच्या विमानाने सारा प्रवास होत नाही. जाताना एक कंपनी, पुढच्या टप्प्यावर दुसरी आणि परतताना तिसरी, असे सर्रास घडते. म्हणून भागीदार कंपनीच्या विमानातून प्रवास केला तर पॉइंट कोणाच्या खात्यात, किती आणि कसे जमा होतात, हे आम्ही या लेखात शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगणार आहोत. त्याचबरोबर या पॉइंटच्या मागे कोणी धावू नये, तेही सांगणार आहोत.

पॉइंट दोन प्रकारचे असतात

पहिली गोष्ट ही की सर्व पॉइंट एकसारखे नसतात. प्रत्येक कंपनीच्या खात्यात दोन रकाने असतात. एका रकान्यात बक्षिसाचे पॉइंट जमा होतात. त्यातून पुढे फुकट किंवा कमी पैशांत तिकीट घेता येते. दुसऱ्या रकान्यात दर्जाचे पॉइंट जमा होतात. ते खर्च करता येत नाहीत. ठरलेल्या मुदतीत, बहुधा बारा महिन्यांत, ते ठरलेल्या आकड्यापर्यंत पोहोचले की सभासदाला सिल्व्हर, गोल्ड असा दर्जा मिळतो. मुदत संपली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

एमिरेट्सच्या 'स्कायवर्ड्स' योजनेत बक्षिसाच्या पॉइंटना स्कायवर्ड्स माइल्स आणि दर्जाच्या पॉइंटना टियर माइल्स म्हणतात. २५ हजार टियर माइल्सला सिल्व्हर, ५० हजारांना गोल्ड आणि दीड लाखांना प्लॅटिनम दर्जा मिळतो. कतार एअरवेजकडे बक्षिसाचे पॉइंट 'एव्हिऑस' या नावाने आणि दर्जाचे 'क्यूपॉइंट' या नावाने ओळखले जातात. तिथे सिल्व्हरसाठी १५०, गोल्डसाठी ३०० आणि प्लॅटिनमसाठी ६०० क्यूपॉइंट लागतात. आकडे लहान दिसले म्हणून काम सोपे आहे असे समजू नये. प्रत्येक कंपनीचे माप वेगळे असते. कुणी गजाने मोजतो, कुणी मीटरने.

आमचे अनेक बांधव बक्षिसाचे पॉइंट वाढलेले पाहून खूश होतात आणि काउंटरवर गेल्यावर दर्जा मिळालेला नाही हे कळले की वाद घालतात. क्रेडिट कार्डावरून किंवा हॉटेलकडून आलेले पॉइंट सहसा पहिल्या रकान्यात जातात. दर्जा बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष प्रवासावरच मिळतो.

भागीदारी तीन मोठ्या गटांची

जगातील पुष्कळ विमान कंपन्यांनी एकत्र येऊन तीन मोठे गट केले आहेत. 'स्टार अलायन्स' १९९७ साली, 'वनवर्ल्ड' १९९९ साली आणि 'स्कायटीम' २००० साली सुरू झाला. गटातील एका कंपनीचे सभासद व्हावे, दुसऱ्या सदस्य कंपनीच्या विमानातून जावे आणि पॉइंट आपल्या मूळ खात्यात घ्यावेत, अशी ही सोय आहे. दर्जाचे पॉइंटही यात धरले जातात, आणि मिळालेला दर्जा गटातील इतर कंपन्यांच्या विमानांतही चालतो.

एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये आली. लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश एअरलाइन्स, एअर चायना, इथिओपियन या कंपन्या त्याच गटात आहेत. कतार एअरवेज २०१३ पासून वनवर्ल्डमध्ये आहे. हाँगकाँगची कॅथे पॅसिफिक आणि ब्रिटिश एअरवेज या तिच्या गटातील कंपन्या. ओमान एअरनेही जून २०२५ मध्ये याच गटात प्रवेश केला. सौदिया मे २०१२ पासून स्कायटीममध्ये आहे. तिच्या योजनेचे नाव 'अल्फुर्सान'. एअर फ्रान्स, केएलएम आणि केनिया एअरवेज तिच्या गटात आहेत.

याचा उपयोग कसा करावा? समजा, एक व्यापारी सौदियाने जिद्द्याला जातो आणि केनिया एअरवेजने नैरोबीला माल पाठवण्याचे सौदे करायला जातो. त्याने दोन्ही कंपन्यांची निरनिराळी कार्डे काढली तर दोन्हीकडे पॉइंट अपुरे राहतील. दोन्ही प्रवास एकाच खात्यात घातले तर ते एकाच बेरजेत येतील. एका प्रवासाचे पॉइंट दोन खात्यांत घेता येत नाहीत, म्हणून खाते आधीच ठरवावे लागते. ज्या गटाची विमाने आपल्या नेहमीच्या बाजारपेठेला जातात, त्या गटातील एकच खाते निवडावे, असा आमचा सल्ला आहे.

गटाबाहेरच्या कंपन्यांचा हिशेब निराळा

एमिरेट्स, एतिहाद, कुवेत एअरवेज आणि गल्फ एअर या कंपन्या तीनपैकी कोणत्याच गटात नाहीत. इंडिगो, एअर अरेबिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेसही नाहीत. एअर इंडिया गटात आहे म्हणून एअर इंडिया एक्स्प्रेसही आहे, असे अनेकजण धरून चालतात. तसे नाही.

गटाबाहेरच्या कंपन्यांचेही भागीदार असतात, पण ते करार एकेकाशी वेगवेगळे केलेले असतात, आणि इथेच गफलत होते. एमिरेट्सचे उदाहरण घ्या. फ्लायदुबईने २०१८ साली स्कायवर्ड्स योजना स्वीकारली. तिच्या विमानातून गेल्यास बक्षिसाचे माइल्स मिळतात आणि टियर माइल्सही मिळतात. पण एमिरेट्सच्या इतर बहुतेक भागीदारांच्या विमानातून गेल्यास फक्त बक्षिसाचे माइल्स मिळतात, दर्जाच्या रकान्यात काहीच पडत नाही. भागीदार आहे एवढे ऐकून तिकीट काढले आणि दर्जा हुकला, असे होऊ नये यासाठी एकच प्रश्न विचारावा : या विमानावर दर्जाचे पॉइंट मिळतात काय? नुसते "पॉइंट मिळतात का?" असे विचारल्यास एजंट "हो" म्हणेल, आणि ते खोटेही नसेल.

सारा खेळ एका अक्षराचा

आता या विषयातील सर्वात महत्त्वाची बाब. प्रत्येक तिकिटावर भाड्याच्या प्रकाराचे एक इंग्रजी अक्षर असते. एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या दोन प्रवाशांची अक्षरे वेगळी असू शकतात. एकाने महाग तिकीट घेतलेले असते, दुसऱ्याने स्वस्त. भागीदार कंपनीच्या विमानावरील पॉइंट बहुधा अंतर आणि हे अक्षर यांवर ठरतात. महागड्या अक्षराला अंतराच्या शंभर टक्के किंवा जास्त, मधल्याला पन्नास टक्के, स्वस्ताला पंचवीस टक्के आणि अगदी स्वस्ताला शून्य, असा साधारण प्रकार असतो.

एक उदाहरण करून पाहू. फ्रँकफर्टला दरवर्षी जानेवारीत घरगुती कापडाचे 'हाइमटेक्स्टिल' हे मोठे प्रदर्शन भरते. टॉवेल, चादरी, पडद्यांच्या कापडाचा धंदा करणाऱ्यांना ते ठाऊक आहे. मुंबई ते फ्रँकफर्ट जाऊन-येऊन अंतर सुमारे ८ हजार मैल होते. समजा, आपले खाते सिंगापूर एअरलाइन्सच्या 'क्रिसफ्लायर' योजनेत आहे. तिथे पहिल्या दर्जासाठी बारा महिन्यांत २५ हजार मैल लागतात आणि गोल्डसाठी ५० हजार. आपण लुफ्तान्साच्या विमानाने गेलो. तिकिटाच्या अक्षराला शंभर टक्के मिळत असतील तर एका फेरीचे ८ हजार झाले. तीन फेऱ्यांत २४ हजार, म्हणजे चौथ्या फेरीत पहिला दर्जा. पन्नास टक्के मिळत असतील तर एका फेरीचे ४ हजार, आणि सात फेऱ्या लागतील. पंचवीस टक्के असतील तर तेरा फेऱ्या. शून्य असेल तर आयुष्यभर फेऱ्या मारूनही दर्जा मिळणार नाही.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. टक्केवारीचा तक्ता आपले खाते ज्या कंपनीकडे आहे तिचा पाहायचा असतो, विमान ज्या कंपनीचे आहे तिचा नव्हे. लुफ्तान्साच्या एकाच तिकिटावर एअर इंडियाच्या खात्यात एक टक्केवारी, क्रिसफ्लायरमध्ये दुसरी आणि टर्किशच्या खात्यात तिसरी मिळू शकते. हे तक्ते कंपन्या स्वतः जाहीर करतात आणि वरचेवर बदलतातही. म्हणून जुना तक्ता जपून ठेवण्यापेक्षा प्रत्येक वेळी नवा पाहावा. स्वतःच्या विमानांचे नियम आणखी वेगळे असतात. एअर इंडियाने एप्रिल २०२४ पासून आपल्या विमानांवरील पॉइंट अंतराऐवजी तिकिटाला मोजलेल्या रुपयांवर द्यायला सुरुवात केली. या योजनेचे पूर्वीचे नाव 'फ्लाइंग रिटर्न्स'. २०२५ पासून ती 'महाराजा क्लब' या नावाने चालते.

नंबर एकाचा, विमान दुसऱ्याचे

कधीकधी तिकिटावर उड्डाणाचा नंबर एका कंपनीचा असतो आणि विमान दुसऱ्याच कंपनीचे असते. याला कोडशेअर म्हणतात. तिकिटावर बारीक अक्षरांत 'ऑपरेटेड बाय' असे लिहून पुढे खऱ्या कंपनीचे नाव दिलेले असते. पॉइंट नंबरावर धरायचे की विमानावर, हे प्रत्येक योजना आपल्या नियमाप्रमाणे ठरवते. त्यामुळे ही बारीक ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमान गटाबाहेरच्या कंपनीचे असेल तर विशेष चौकशी करावी.

उमरा किंवा सहलीच्या ग्रुप तिकिटांवर आणि चार्टर विमानांवर पुष्कळ योजना पॉइंट देतच नाहीत. उमऱ्याला जाणाऱ्यांनी त्यासाठी मन खट्टू करू नये. त्या सफरीचा मोबदला पॉइंटमध्ये मोजायचा नसतो. तरीही व्यापारी आपले तिकीट ग्रुपबाहेर स्वतंत्रपणे काढत असेल, तर विचारून घ्यायला हरकत नाही.

पासपोर्टवरचे नाव आणि कागद

आमच्या समाजात ही अडचण फार आहे, म्हणून ती वेगळी सांगतो. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. 'मोहम्मद' कुठे पूर्ण लिहिलेले असते, कुठे चार अक्षरांत आटोपलेले असते. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो. विमान कंपनीचा संगणक तिकिटावरचे नाव आणि खात्यावरचे नाव ताडून पाहतो. फरक आढळला की पॉइंट अडकतात. खाते उघडताना नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर लिहावे आणि एजंटलाही तेच लिहायला सांगावे. पासपोर्टवरील नावात दुरुस्ती झाली तर खात्यावरही ती करून घ्यावी.

तिकीट काढतानाच सभासद क्रमांक द्यावा. काउंटरवर बोर्डिंग पास हाती आला की त्यावर तो क्रमांक छापला आहे का, आणि आपल्याच खात्याचा छापला आहे का, हे पाहावे. तिथे चूक दिसली तर लगेच दुरुस्त होते.

भागीदार कंपनीच्या प्रवासाचे पॉइंट जमा व्हायला स्वतःच्या कंपनीपेक्षा जास्त दिवस लागतात. जमा झाले नाहीत तर मागणी करता येते, पण मुदतीच्या आत. कित्येक योजनांत ही मुदत सहा महिन्यांची आहे. मागणीसाठी तेरा आकडी तिकीट क्रमांक आणि बोर्डिंग पास लागतो. तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात : एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, कतारचे १५७, सौदियाचे ०६५. बोर्डिंग पासाच्या कागदावरील छपाई काही महिन्यांत उडून जाते. म्हणून त्याचा फोटो काढून ठेवावा किंवा झेरॉक्स करून फाइलला लावावी. पॉइंट खात्यात दिसेपर्यंत कागद टाकू नये.

दर्जाचा खरा फायदा किती?

आता फायद्याकडे वळू. स्टार अलायन्समध्ये गोल्ड दर्जा असेल तर जिथे सामान वजनावर मोजतात तिथे २० किलो जादा सामान नेता येते, आणि जिथे नगावर मोजतात तिथे एक नग जादा. त्याशिवाय वेगळ्या काउंटरवर नोंदणी, विमानात आधी प्रवेश, सामान आधी बाहेर येणे आणि लाउंजमध्ये बसण्याची सोय असते. लाउंजमधील जेवण हलाल आहे की नाही, हे विचारूनच ताट उचलावे. फक्त हातातील बॅगेची परवानगी असलेल्या अगदी स्वस्त तिकिटावर जादा सामान चालेल का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

नमुने घेऊन फिरणाऱ्याला २० किलो ही लहान गोष्ट नाही. कापडाचे नमुने, चामड्याच्या बॅगा, पितळी वस्तू यांचे वजन पाहता पाहता वाढते. पण एक खूणगाठ बांधावी : जादा सामानाची सवलत विमान कंपनी देते, कस्टम नव्हे. गोल्ड कार्डामुळे कस्टमचा एकही नियम बदलत नाही. विक्रीचा माल असेल तर तो जाहीर करावाच लागतो.

दर्जासाठी महाग अक्षराचे तिकीट घ्यावे का, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या वहीत आहे. गेल्या वर्षी जादा सामानासाठी आपण विमान कंपन्यांना किती पैसे दिले, याची बेरीज करावी. मग दर्जा मिळवण्यासाठी तिकिटांवर किती जास्त मोजावे लागतील, याची बेरीज करावी. दुसरी रक्कम पहिलीपेक्षा मोठी असेल तर विषय तिथेच सोडावा.

कोणी या फंदात पडू नये

दोन-तीन वर्षांतून एकदा परदेशी प्रदर्शनाला जाणाऱ्या कारागिराने दर्जाचा विचारच करू नये. बारा महिन्यांचे गणित त्याला जुळणारे नाही. त्याने एक खाते उघडावे, बक्षिसाचे पॉइंट मिळतील तेवढे घ्यावेत, त्यांची मुदत पाहावी आणि तिकीट मात्र स्वस्त आणि सोयीचे निवडावे.

वर्ष संपता संपता दर्जाला थोडे पॉइंट कमी पडतात म्हणून काम नसताना विमानाची फेरी मारणारेही लोक आहेत. आमच्या मते हा उघड फजूल खर्च आहे. आमच्या दीनने इस्राफला मनाई केली आहे, आणि व्यापाराचा साधा नियमही तेच सांगतो. पॉइंटसाठी क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढवून सूद भरणे तर त्याहून वाईट. पॉइंट मिळतात शेकड्यात आणि सूद जाते हजारांत.

शिवाय हा दर्जा कायमचा नसतो. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या कंपनीचा दर्जा सांभाळला होता, त्यांच्या हाती कार्ड राहिले, पण ते दाखवायला काउंटर राहिले नाही. भागीदाऱ्याही बदलतात. ग्वांगझूची चायना सदर्न ही कंपनी २०१९ च्या आरंभी स्कायटीममधून बाहेर पडली. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये कँटन फेअरला जाणाऱ्यांपैकी ज्यांनी तिच्या भरवशावर त्या गटात खाते ठेवले होते, त्यांचे गणित नव्याने मांडावे लागले.

पॉइंट कोणाचे?

शेवटी एक प्रश्न, जो आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. धंदा दोन भावांचा किंवा दोन भागीदारांचा असतो. तिकिटाचे पैसे दुकानाच्या गल्ल्यातून जातात. प्रवास एकजण करतो, आणि विमान कंपनी पॉइंट प्रवास करणाऱ्याच्याच नावावर टाकते. दोन वर्षांनी त्या पॉइंटवर तो आपल्या कुटुंबाला फिरवून आणतो. दुकानात बसून उधारी वसूल करणारा दुसरा भागीदार काही बोलत नाही, पण त्याच्या मनात गाठ बसते. नोकराला मालाच्या खरेदीसाठी पाठवले तरी हाच प्रश्न येतो. अशा छोट्या गोष्टींवरून चांगल्या भागीदाऱ्या मोडतात.

यावर उपाय अवघड नाही. सूरह बकरहमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. त्याच सवयीने भागीदारीच्या करारात एक ओळ वाढवावी : दुकानाच्या खर्चाने मिळालेले बक्षिसाचे पॉइंट दुकानाच्याच पुढच्या प्रवासाला वापरायचे, की प्रवास करणाऱ्याला त्याच्या दगदगीबद्दल द्यायचे. दोन्ही बाजूंची रजामंदी असेल तर कोणताही मार्ग घ्यावा. शंका असेल तर आपल्या गावच्या जाणत्या आलिमांना विचारावे. दर्जा मात्र वाटून घेता येत नाही, तो ज्याचा त्याचाच राहतो. त्यामुळे नमुने घेऊन जाण्याचे काम शक्यतो ज्याच्याकडे दर्जा आहे त्यालाच द्यावे, म्हणजे जादा सामानाचा लाभ दुकानाला होईल.

पुढच्या वेळी एजंटकडे जाल तेव्हा चार प्रश्न कागदावर लिहून न्या : विमान खरोखर कोणाचे आहे? तिकिटाचे अक्षर कोणते? त्या अक्षरावर माझ्या खात्यात दर्जाचे किती पॉइंट येतात? आणि त्याहून चांगल्या अक्षराला किती रुपये जास्त पडतात? उत्तरे मिळाल्यावर वही उघडा आणि मगच पैसे द्या. दुकानात आपण तोलल्याशिवाय माल घेत नाही. तिकीटही तसेच घ्यावे.